टी पेशी स्वतःच्याच शरीरातील मेलॅनोमा कसा ओळखतात, आणि अंगावर पांढरे डाग का उठतात?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझ्या सासूबाईंच्या तळपायाला, टाचेच्या कडेने, एक काळा चट्टा होता. जन्मभर भाताच्या रोप लावणीत अनवाणी उभ्या राहिलेल्या बाईच्या पायाला कुरूप असावे यात गावात कोणाला नवल वाटले नाही. पण चट्टा पसरून त्यातून पाणी येऊ लागले तेव्हा बेळगावला तपासणी झाली आणि मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, असे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, जांघेतील गाठीतही रोगपेशी सापडल्या, आणि आता दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध दिले जात आहे.

गेल्या काही दिवसांत त्यांच्या हातांच्या पाठीवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग उमटू लागले आहेत. नातेवाईक म्हणतात की औषधाने कोड फुटले, आता ते बंद करा. डॉक्टरांच्या मते हे वाईट लक्षण नाही, परंतु ओपीडीच्या गर्दीत यापेक्षा अधिक बोलणे झाले नाही. माझी मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, आहे. तिचे म्हणणे असे की टी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, बाहेरच्या जंतूंशी लढतात आणि दुसऱ्याचा अवयव बसवला तर तो नाकारतात असे पुस्तकात दिले आहे; मग कर्करोगाची पेशी तर आजीच्याच शरीरातली, ती परकी कशी ठरते? आणि ती परकी ठरत असेल तर टी पेशींनी तिला एवढी वाढू तरी का दिली? उपचारांचा निर्णय डॉक्टरांचाच राहील. मला यामागची क्रिया नीट समजून घ्यायची आहे, म्हणजे घरात आणि वर्गात मराठीतून सांगता येईल.

टिळकवाडीचे निवृत्त प्राध्यापक

बाई, तुमच्या मुलीची शंका रास्त आहे. विसाव्या शतकात बराच काळ ती शास्त्रज्ञांचीही शंका होती, आणि प्रतिकारयंत्रणा कर्करोगावर नजर ठेवते या कल्पनेची काही दशके टिंगलही झाली. तिचे उत्तर शोधताना ‘आपले’ आणि ‘परके’ हे शब्द थोडे बाजूला ठेवावेत, कारण टी पेशीला पेशीची वंशावळ कळत नाही. तिला फक्त पृष्ठभागावर मांडलेले प्रथिनांचे तुकडे दिसतात.

आपल्या प्रत्येक पेशीत जुनी आणि बिघडलेली प्रथिने सतत चिरली जातात. त्यांतील साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसवले जातात आणि पेशीच्या पृष्ठभागावर आणून ठेवले जातात. एपीएमसीत व्यापारी पोते न उसवता त्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढतो आणि त्यावरून आतल्या मालाची पारख करतो, तसाच हा नमुना समजावा. पेशी फोडून आत पाहण्याची सोय टी पेशीला नसते. तुकडा आणि तो धरणारे एचएलए या दोहोंची मिळून होणारी आकृतीच टी पेशी ओळखते, ही गोष्ट रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात विषाणूबाधित उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिली आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

आता टी पेशीची बाजू पाहू. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर एकाच प्रकारचे ग्राही प्रथिन असते, आणि त्याची घडण जनुकांचे तुकडे यदृच्छेने जोडून होते. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत या पेशी पारखल्या जातात. शरीराच्या नेहमीच्या तुकड्यांना जी पेशी घट्ट चिकटते तिला तेथेच मरावे लागते. थायमसमध्ये तयार होणाऱ्या पेशींपैकी बहुतेक बाहेर पडतच नाहीत. जी बाहेर पडते तिच्या दृष्टीने परके म्हणजे थायमसमध्ये जे दिसले नाही, किंवा पुरेसे दिसले नाही, ते. या ‘पुरेसे’ शब्दाकडे कृपया लक्ष द्यावे, कारण सासूबाईंच्या डागांचे मूळ तेथेच आहे.

मेलॅनोमाच्या पेशीवर न पाहिलेले असे काय असते? एक तर जनुकांतील बदलांमुळे प्रथिनात एखादे अमिनो आम्ल बदललेले असते आणि तुकडा नवाच होतो. उन्हातील अतिनील किरणांनी होणाऱ्या मेलॅनोमात असे बदल इतर बहुतेक कर्करोगांच्या तुलनेत फारच जास्त असतात. दुसरे म्हणजे, निरोगी शरीरात फक्त वृषणातील बीजपेशींमध्ये चालू असणारी काही जनुके कर्करोगाच्या पेशीत अवेळी जागी होतात. ब्रुसेल्स येथे थिअरी बून यांच्या गटाने १९९१ मध्ये एका मेलॅनोमा रुग्णाच्या टी पेशी नेमके काय ओळखतात याचा माग काढला आणि एमएजीई कुळातील पहिले जनुक सापडले. मानवी कर्करोगावर टी पेशींना ओळखता येणारे प्रतिजन खरोखर असते, हे त्या दिवसापासून वादातीत झाले असे मी मानतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत विलक्षण वाटतो. टायरोसिनेज, मेलॅन-ए आणि जीपी १०० ही प्रथिने मेलॅनिन तयार करण्याच्या कामाशी निगडित आहेत. त्यांत बिघाड काहीच नसतो. ती निरोगी रंगपेशीत असतात आणि रंगपेशीपासून निपजलेल्या मेलॅनोमातही असतात. थायमसमध्ये त्यांचे दर्शन अपुरे घडत असल्याने त्यांना ओळखणाऱ्या काही टी पेशी पारखीतून सुटतात आणि रक्तात फिरत राहतात. निरोगी माणसातही त्या असतात. एरवी त्या स्वस्थ असतात, पण एकदा चेतल्या की रोगपेशी आणि रंगपेशी यांत भेद करण्याचे साधन त्यांच्याजवळ नसते.

चेतवण्याचे काम कर्करोगाच्या गाठीत मात्र होत नाही. मेलेल्या रोगपेशींचा ऐवज त्वचेतील शाखायुक्त पेशी उचलतात आणि जवळच्या लसीका ग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवतात. पायाला काटा लागून चिघळला की जांघेत अवधाण येते, हा आपल्याकडे सर्वांचा अनुभव आहे; तळपायाचा मार्ग त्याच ग्रंथींकडे जातो. रोगपेशीही त्याच वाटेने पसरतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी जांघ तपासली गेली. तेथे नुसता तुकडा दिसून भागत नाही. शाखायुक्त पेशीकडून दुसरा संकेतही यावा लागतो, आणि तो आला नाही तर टी पेशी चेतण्याऐवजी निष्क्रिय होते. दोन्ही संकेत मिळाले की ती एकीच्या हजारो होते आणि तिच्या संतती रक्तातून त्वचेकडे निघतात.

निपाणीकर, सध्या बेंगळूर

सरांनी ओळखीचा भाग इतका नेमका मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे थोडेच आहे. मी एका प्रयोगशाळेत टी पेशींवर काम करतो, त्यामुळे पुढचा, म्हणजे प्रत्यक्ष हल्ल्याचा भाग लिहितो.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर मारक टी पेशी आधी बशीच्या तळावर इकडेतिकडे सरपटताना दिसते. मेलॅनोमाच्या पेशीला स्पर्श होऊन ग्राही प्रथिन जुळले की ती थबकते, तिचा गोल आकार सपाट होतो आणि ती रोगपेशीला चिकटून बसते. त्यानंतर तिच्या आतील बारीक कणिका संपर्काच्या बाजूला सरकतात आणि त्या अरुंद फटीत रिकाम्या होतात. त्यांतील परफोरिन हे प्रथिन रोगपेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत शिरून पेशीचा स्वतःचाच मरणाचा कार्यक्रम सुरू करून देतात. रोगपेशीच्या कडेला बुडबुडे येतात, ती आक्रसते, आणि टी पेशी सुटी होऊन पुढच्या पेशीकडे जाते. परफोरिनचा मारा तिच्या स्वतःच्या आवरणावर चालत नाही, कारण तेथील मेदरेणूंची रचना घट्ट असते. एखादी पेशी टिपण्यासाठी त्या पेशीवर जुळणारे तुकडे बोटांवर मोजण्याइतके असले तरी पुरतात.

मग गाठ वाढलीच कशी? हल्ला करताना टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचे संकेत देणारे प्रथिन सोडते. त्याने आजूबाजूच्या पेशींवर एचएलए वाढते, म्हणजे त्या अधिक सहज ओळखू येतात. पण त्याच इंटरफेरॉनमुळे रोगपेशी पीडी-एल १ नावाचे प्रथिनही अंगावर चढवते. ते टी पेशीवरील पीडी-१ ला जाऊन भिडले की टी पेशीचे काम मंदावते. ही व्यवस्था कर्करोगाने शोधून काढलेली नाही. लांबलेल्या संसर्गात आपल्याच अवयवांची नासधूस होऊ नये म्हणून शरीरात ती मुळापासून आहे, आणि मेलॅनोमा तिचा आयता फायदा घेतो. महिनोन्महिने तोच तुकडा समोर दिसत राहिला तर टी पेशी हळूहळू थकते आणि तिच्यावर पीडी-१ आणखी वाढते. त्याशिवाय दाह आवरणाऱ्या नियंत्रक टी पेशी गाठीत गर्दी करतात; या पेशींच्या शोधासाठी २०२५ चे नोबेल शिमॉन साकागुची, मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले.

सासूबाईंचे औषध रोगपेशीला हातही लावत नाही, ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी. पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंड जातीची औषधी असून ती टी पेशीवरील पीडी-१ झाकून टाकते, त्यामुळे थांबवणारा संकेत तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पीडी-१ चा शोध तासुकू होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये लावला. सीटीएलए-४ हे तशाच आवर घालणाऱ्या कामाचे दुसरे प्रथिन आहे, आणि ते अडवले तर उंदरांमधील गाठी नाहीशा होतात हे जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवले. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. सीटीएलए-४ अडवणाऱ्या इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये, तर पेम्ब्रोलिझुमॅबला २०१४ मध्ये मेलॅनोमासाठी मान्यता मिळाली. त्याआधी अंगभर पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्मे रुग्ण वर्षभरही जगत नसत. इपिलिमुमॅब आणि पीडी-१ अडवणारे निव्होलुमॅब ही औषधे एकत्र दिलेल्या रुग्णांची दहा वर्षांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते. मात्र हे आकडे मुख्यतः गौरवर्णीय लोकांचे आणि पसरलेल्या रोगाचे आहेत. सासूबाईंचा रोग शस्त्रक्रियेने काढलेला आहे आणि तळपायाचा आहे, त्यामुळे ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

काही रोगपेशी याही पुढे जातात आणि एचएलए पृष्ठभागावर आणण्यासाठी लागणारे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिनच गमावून बसतात. नमुनाच मांडला जात नसल्यामुळे अशा पेशींसमोर मारक टी पेशी हतबल ठरते, आणि आधी चांगला गुण आलेल्या काही रुग्णांत औषध पुढे निकामी होण्याचे हे एक कारण आहे.

चिकोडीचे त्वचारोग डॉक्टर

पांढऱ्या डागांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. तुमच्या रुग्णाला मी तपासलेले नाही, पण अशा उपचारात उमटणारे डाग बहुतेक वेळा प्राध्यापक महोदयांनी सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या ओळखीचे फळ असतात. आवर सुटलेल्या टी पेशी मेलॅन-ए किंवा जीपी १०० चे तुकडे शोधत त्वचेत येतात आणि रोगपेशी उरलेली नसेल तेथे निरोगी रंगपेशीला मारतात. नेहमीच्या कोडातही याच जातीच्या टी पेशी सापडतात. ते संसर्गजन्य नाही, आणि ताटवाटी वेगळी करण्याचे काहीएक कारण नाही. हे लिहावे लागते याचा मला विषाद वाटतो, पण ओपीडीत हा प्रश्न रोज येतो.

डाग उठणाऱ्या मेलॅनोमा रुग्णांचे आयुर्मान इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आढळते, असे २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत दिसून आले. डॉक्टर ‘वाईट लक्षण नाही’ म्हणाले ते यामुळेच असावे. तरीही त्याला हमी समजू नये. जो रुग्ण अधिक काळ जगतो त्याला डाग उठायलाही अधिक अवधी मिळतो, म्हणून अशा आकड्यांकडे सावधपणे पाहावे लागते. शिवाय डाग न उठताही उत्तम गुण आलेले रुग्ण पुष्कळ असतात.

केवळ डागांसाठी हे औषध सहसा थांबवले जात नाही. डागांवर ऊन लागू देऊ नये, एवढे पथ्य पुरते. खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी घ्यावी लागते, कारण आवर सुटलेली टी पेशी आतडे, फुप्फुस, यकृत आणि थायरॉइड यांनाही सोडत नाही. वारंवार जुलाब, कोरडा खोकला आणि धाप, किंवा अंगात न जाणारा थकवा असे काही दिसले तर पुढच्या सलाइनच्या तारखेपर्यंत न थांबता लगेच कळवावे. आणि खाज किंवा डाग यांसाठी मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडच्या गोळ्या आणून देऊ नयेत. त्या टी पेशींना दाबतात. गरज असेल तेव्हा त्या जरूर द्याव्या लागतात, पण तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांनी घ्यायचा असतो.

मलप्रभाकाठ

आपणा तिघांचीही मी मनापासून आभारी आहे. नणंदेला आणि जाऊबाईंना फोनवर डॉक्टरसाहेबांचा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवला. मुलीच्या आता आणखी शंका आहेत. तळपायाला ऊन लागत नाही, मग तेथे नवे तुकडे आले कोठून? प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घरात काढा सुरू करण्याचा आग्रह होत आहे, त्याने टी पेशी वाढतील का? आणि औषध संपल्यावर हे डाग जातील का?

निपाणीकर, सध्या बेंगळूर

पहिल्या शंकेतच आपल्याकडच्या मेलॅनोमाचे वेगळेपण आहे. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचे संरक्षण असल्याने उन्हाचा मेलॅनोमा आपल्याकडे कमी आढळतो. जो होतो तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली किंवा तोंड-नाकाच्या अस्तरात असतो, आणि त्याचा उन्हाशी सहसा संबंध नसतो. अशा गाठीत गुणसूत्रांचे मोठाले तुकडे दुणावलेले किंवा हरवलेले असतात, पण प्रथिनाचा एखादा घटक बदलणारे बारीक फेरफार फार थोडे. म्हणजे टी पेशीला दिसण्याजोगे नवे तुकडे कमी, आणि तळपायाच्या मेलॅनोमाला ही औषधे उन्हाच्या मेलॅनोमाच्या मानाने कमी लागू पडतात याचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. सासूबाईंच्या बाबतीत रंगपेशींच्या मूळच्या प्रथिनांचे तुकडे अधिक महत्त्वाचे असावेत असा माझा तर्क आहे, आणि हातांवरचे डाग त्याला पोषक आहेत. पण तो तर्कच समजावा.

काढ्याबद्दल सांगायचे तर येथे अडचण शक्तीच्या अभावाची नाही. नेमका तो तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी मोजक्या असतात आणि त्या थांबवून ठेवलेल्या असतात. सरसकट सगळ्या पेशी उत्तेजित झाल्या तरी त्या मोजक्यांचे काम होत नाही. टी पेशी वाढवणे म्हणजे खरोखर काय, हे अमेरिकेतील स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये दाखवले: काढलेल्या गाठीतल्याच टी पेशी प्रयोगशाळेत इंटरल्युकिन-२ हे टी पेशींची वाढ घडवणारे प्रथिन घालून अब्जावधींच्या संख्येत वाढवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. त्या पद्धतीच्या लिफिल्युसेल या उपचाराला तेथे फेब्रुवारी २०२४ मध्ये पसरलेल्या मेलॅनोमासाठी मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ ची बातमी आपल्याकडे वाचनात आली असेल. तोही टी पेशींचाच उपचार आहे, परंतु तो बी पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी आहे, त्याचा येथे उपयोग नाही. काढ्यातील काही वनस्पती यकृतावर ताण आणतात, आणि या औषधात यकृताचे आकडे आधीच जपावे लागतात. त्यामुळे घरात काय दिले जात आहे ते कर्करोगतज्ज्ञांना आधी सांगावे.

डाग मात्र औषध संपल्यावरही बऱ्याच जणांत राहतात. त्वचेत शिरलेल्या टी पेशींपैकी काही परत रक्तात जात नाहीत. त्या बाह्यत्वचेत ठाण मांडून स्मृतिपेशी म्हणून राहतात आणि नवी रंगपेशी उगवली की तिला पुन्हा टिपतात. ऑस्ट्रेलियातील एका गटाने २०१९ मध्ये उंदरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगात या मुक्कामी पेशींचे दुसरे कामही दिसले. काही उंदरांत मेलॅनोमाच्या पेशी त्वचेत जिवंत होत्या, पण गाठ म्हणून वाढत नव्हत्या, आणि मुक्कामी टी पेशी त्यांच्याभोवती वावरताना सूक्ष्मदर्शकात दिसत होत्या. त्या टी पेशी काढून टाकल्यावर त्यांतील काही उंदरांमध्ये गाठी वाढल्या.